मानेतल्या गाठी, अवधाण, गंडमाळा : झाडपाल्याचे उपाय आणि त्यांमागचा पुरावा

सह्यकडा

नमस्कार मंडळी.

अकोले-जुन्नर पट्ट्यातल्या गावांसाठी दोन पानी आरोग्यपत्रक तयार होतंय. विषय मानेत, काखेत आणि जांघेत येणाऱ्या गाठींचा. काखेतल्या-जांघेतल्या गाठीला अवधाण म्हणतात, मानेतल्या माळेसारख्या गाठींना गंडमाळा, आणि कानाखालच्या सुजेला गालगुंड. उपाय मात्र सगळ्यांवर थोडेफार तेच केले जातात: हळद-चुन्याचा लेप, उगाळलेली आंबेहळद, गरम केलेलं एरंडाचं पान, रुईचा चीक, बिब्ब्याचा चटका, जवसाचं पोटीस, कांचनाच्या सालीचा काढा, दुकानातला कांचनार गुग्गुळ, गुळवेल, मीठ-हळदीच्या गुळण्या.

यातल्या कशाला माणसांवरच्या अभ्यासाचा आधार आहे? जे निरुपद्रवी आहे ते नेमकं कसं करायचं, किती प्रमाणात? कशाने नुकसान होतं? आणि थांबायचं कधी? पत्रकात नुसतं ‘डॉक्टरांना दाखवा’ लिहिलं की लोक ते घडी घालून ठेवून देतात. किती दिवस, केवढी गाठ, कशी गाठ, असं मोजून सांगता येईल तेच लिहायचं आहे.

---

कंठमणी

पत्रकाची सुरुवात उपायांपासून करू नका. गाठ कुठे आली आहे, तिथपासून करा.

लसिकाग्रंथी म्हणजे शरीराच्या वाटांवरच्या चौक्या. त्या त्या भागातून येणारा द्रव तिथे गाळला जातो, जंतू सापडले की पेशी वाढतात आणि ग्रंथी फुगते. म्हणजे बहुतेक वेळा गाठ हा आजार नसतो, ती आजाराची खबर असते. लेप खबरीवर लावला जातो आणि मूळ ठिकाण तसंच राहतं.

मानेच्या मागे, केसांच्या रेषेजवळ वाटाण्याएवढ्या दोन-चार गाठी दिसल्या तर आधी डोकं पाहा: उवा, खाजवून झालेल्या जखमा, खवडे. शाळकरी मुलींत हे फार सापडतं, आणि उवा गेल्या की पुढच्या काही आठवड्यांत गाठी आपोआप लहान होतात. जबड्याखाली गाठ असेल तर तोंड उघडून बघा, किडलेली दाढ, हिरडीचा फोड, सुजलेले टॉन्सिल. काखेत असेल तर हाताची बोटं, नखुरडं, आणि बाईमाणसाच्या बाबतीत स्तन तपासलेच पाहिजेत. जांघेत असेल तर पायाच्या भेगा, काटा, गुप्तांगावरची जखम. भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्यातून अवधाण येतं. तिथे पाय साबणाने धुऊन, कोरडे करून, चिखल्यांवर बुरशीनाशक मलम लावलं तर जांघेला काही लावायची गरज राहत नाही.

आता मोजमाप. मोठ्या हरभऱ्याएवढी, म्हणजे साधारण १ सेंमी, मऊसर आणि बोटाखाली सरकणारी गाठ लहान मुलांच्या मानेत पुष्कळदा लागते आणि ती काळजीची नसते. जांघेत दीड सेंमीपर्यंतही चालतं. सर्दी-घशाच्या विषाणूमुळे आलेली गाठ पहिल्या आठवड्यात दुखते, मग दोन ते चार आठवड्यांत उतरते, आणि वाटाण्याएवढी काही महिने रेंगाळूही शकते. हे वेळापत्रक पत्रकात ठळक छापा. बहुतेक झाडपाल्याची ख्याती यावरच उभी आहे. पाचव्या दिवशी लेप सुरू केला, पंधराव्या दिवशी गाठ बसली. लेप न लावताही ती बसलीच असती.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर कुठल्याही उपायात दिवस घालवू नका. सुपारीपेक्षा मोठी गाठ. चार आठवड्यांत लहान न झालेली किंवा वाढतच चाललेली. दगडासारखी कडक, खाली चिकटलेली. रबरासारखी, न दुखणारी, एकापेक्षा जास्त ठिकाणी. सोबत संध्याकाळचा ताप, अंगावरचे कपडे भिजतील इतका रात्रीचा घाम, कारणाशिवाय घटलेलं वजन. आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात लागणारी गाठ, मग ती ज्वारीच्या दाण्याएवढी का असेना. त्या जागी छाती-पोटातल्या कर्करोगाची पहिली गाठ येऊ शकते. तंबाखू-मिश्री वापरणाऱ्या माणसाच्या मानेत कडक गाठ असेल तर तोंड, जीभ आणि घसा त्याच आठवड्यात तपासून घ्यावा.

एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही प्रकारच्या लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) गाठी आपोआप कमी होतात आणि पुन्हा वाढतात. ‘काढ्याने उतरली होती, परत आली’ असं कुणी सांगितलं तर पुन्हा काढा न देता तपासणीला पाठवा.

---

वैद्य_कुकडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कांचन आणि लेपांबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुका तिथेच होतात.

गंडमाळेचं जुन्या ग्रंथांतलं वर्णन बारकाईचं आहे: लहान बोर, मोठं बोर, आवळा एवढ्या आकाराच्या अनेक गाठी, काख-खांदा-मान-गळा-जांघ या जागा, आणि फार हळू पिकणं. आजच्या नजरेने वाचलं तर यातले बरेच रुग्ण ग्रंथींच्या क्षयाचे असणार. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की गंडमाळा म्हणावीशी वाटली की आधी क्षयाची तपासणी, मग बाकीचं.

कांचनार गुग्गुळाचा पाठ शार्ङ्गधरसंहितेतला. कांचनाची साल १० पल (पल, कर्ष ही जुनी वजनं), त्रिफळा ६ पल, त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) ३ पल, वरुणाची (वायवर्णा) साल १ पल, वेलची, दालचिनी, तमालपत्र प्रत्येकी १ कर्ष, आणि या सगळ्या चूर्णाएवढा गुग्गुळ. गुग्गुळ शोधलेलाच हवा. त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात कापडाच्या पुरचुंडीत बांधून उकळतात, विरघळलेला भाग गाळून आटवतात, काडी-खडे आणि माती कापडात राहतात. हा टप्पा गाळला तर मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास वाढतात. घरी हे करू नये. बाजारातली गोळी साधारण २५० किंवा ५०० मिलिग्रॅमची असते, मात्रा वैद्याने वय आणि पचन पाहून ठरवायची. गरोदरपणी नको, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर नको.

काढा करायचा तर झाड ओळखता आलं पाहिजे. कांचन आणि आपटा दोन्हीची पानं जोडपानं, त्यामुळे दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं सर्रास विकली जातात, आणि साल काढताना उलटी चूक होते. आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त आणि फुलं पांढुरकी, बारीक. कांचनाचं पान मोठं, पातळ, आणि फूल मोठं, जांभळट-गुलाबी किंवा पांढरं, एका पाकळीवर गडद रेघा असलेलं. फूल पाहिल्याशिवाय साल काढू नका. खोडाभोवती गोल साल सोलली की झाड मरतं. फांदीची, एका बाजूची, तळहाताएवढी पट्टी पुरे.

वाळलेल्या सालीची भरड २० ग्रॅम, पाणी ३२० मिली. झाकण न ठेवता मंद आचेवर ८० मिली उरेपर्यंत आटवायचं, गाळून दोन वेळा ४०-४० मिली, वर सुंठेची चिमूटभर पूड. रोज ताजा. सकाळचा काढा दुसऱ्या दिवशी आंबतो आणि मग पोट बिघडल्याचं खापर सालीवर फुटतं. ही मात्रा मोठ्या माणसाची. सालीत कषाय द्रव्य भरपूर, त्यामुळे बद्धकोष्ठ होतो; तसं झालं तर बंद करा.

लेपाचे नियम शास्त्रात आहेत आणि व्यवहारात कुणी पाळत नाही. सूज उतरवणारा लेप पाव अंगुळ जाड, म्हणजे अर्धा सेंमीच्या आत. वाळायला लागला की काढायचा, कारण वाळलेला लेप कातडी ओढतो आणि त्रासच देतो. जुन्यावर नवा थापायचा नाही. रात्री लावून झोपायचं नाही. फुटलेल्या किंवा ओल्या जागेवर मुळीच नाही. दशांग लेपाचं चूर्ण (शिरीष, ज्येष्ठमध, तगर, रक्तचंदन, वेलची, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ, वाळा) तुपात किंवा पाण्यात कालवून दुखऱ्या, गरम, लालसर सुजेवर २०-३० मिनिटं लावतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून दिवसभर वाट पाहा. तगर-कोष्ठाने काहींना खाज सुटते.

---

खलबत्ता

औषधनिर्माणशास्त्राच्या बाजूने पुराव्याचं लिहितो.

आधी एक साधा हिशेब. वैद्यांनी दिलेला पाठ ग्रॅममध्ये मांडला (१ पल ४८ ग्रॅम, १ कर्ष १२ ग्रॅम) तर वनस्पतींचं चूर्ण ९९६ ग्रॅम आणि गुग्गुळही ९९६ ग्रॅम. म्हणजे नाव कांचनार असलं तरी निम्मी गोळी गुग्गुळाची. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत कांचनाची साल जेमतेम १२० मिलिग्रॅम. दिवसाला सहा गोळ्या घेतल्या तरी ७२० मिलिग्रॅम साल पोटात जाते, आणि वरच्या काढ्यासाठी २० ग्रॅम साल लागते. ‘कांचनाने गाठ जाते’ असं म्हणताना आपण कुठल्या द्रव्याबद्दल, किती मात्रेबद्दल बोलतोय हे ठरलेलंच नसतं.

कांचनाच्या सालीवर उंदरांत सूज कमी झाल्याचे आणि काचपात्रातल्या पेशींची वाढ मंदावल्याचे प्रयोग झाले आहेत. काचपात्रात पेशींवर जे प्रमाण ओततात ते गिळलेल्या गोळीतून ग्रंथीपर्यंत पोचतं का, हे त्या प्रयोगांतून कळत नाही. मानेच्या गाठींवर भरपूर रुग्ण घेऊन, अर्ध्यांना औषध आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन केलेला, भरवसा ठेवावा असा अभ्यास माझ्या वाचनात नाही. जे आहे ते थोड्या रुग्णांच्या नोंदी, तुलनेचा गट नसलेल्या. कंठमणींनी सांगितलेली आपोआप उतरण्याची बाब लक्षात घेतली तर तुलनेचा गट नसलेल्या नोंदींवरून काहीच ठरत नाही.

गुग्गुळाची मात्र माणसांवर नीट चाचणी झाली आहे, पण कोलेस्टेरॉलसाठी. २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढलं, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर ॲलर्जीचं पुरळ उठलं. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत एकालाही नाही. गाठींशी याचा थेट संबंध नसला तरी ‘वनस्पतीच आहे, त्रास काय होणार’ याला हे उत्तर आहे. डिल्टिआझेम आणि प्रोप्रॅनोलॉल या औषधांचं शोषण गुग्गुळामुळे घटतं, तेव्हा रक्तदाब-हृदयाच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. गुग्गुळाचं झाडही आता अतिसंकटग्रस्त यादीत आहे, त्यामुळे भेसळ वाढली आहे.

हळद-चुना: मिसळल्यावर जो लाल रंग येतो त्यालाच लोक गुण समजतात. चुना अल्कधर्मी, त्यात कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा, रंग पालटतो (कुंकू याच तत्त्वावर बनतं), आणि त्याच अल्कधर्मी मिश्रणात कर्क्युमिन झपाट्याने मोडतं. उरते ती गरमी आणि चुन्याचा दाह. लहान मुलाच्या मानेची कातडी पातळ, तिथे चुन्याने भाजतं. पत्रकात हा उपाय ‘करू नये’मध्ये टाका.

हळद पोटातून: हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळदीतून ९० मिलिग्रॅम, आणि त्यातलं रक्तात पोचतं ते नगण्य. हळदीचं दूध प्यायला हरकत नाही, पण त्याने गाठ उतरेल ही अपेक्षा नको. मिरीचं सत्त्व घातलेल्या कर्क्युमिनच्या जोरकस कॅप्सूल वेगळ्या. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत २०२२ साली प्रसिद्ध झाल्या आहेत.

गुळवेल: हे महत्त्वाचं आहे, कारण करोनाकाळापासून घरोघरी वेल चढली आहे. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये आला. पुढे २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा. गुळवेल सुरू करणं आणि लक्षणं दिसणं यांत मध्यक अंतर ४६ दिवसांचं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतले आणि दुसऱ्या जातीच्या वेलीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. वाद काही असो, स्वप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो), थायरॉइडचा विकार, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी महिनोन्‌महिने रोज गुळवेल घेऊ नये. लघवी गडद पिवळी, भूक मेलेली, डोळे पिवळे: त्याच दिवशी बंद.

चांगला पुरावा असलेली एक गोष्ट सांगतो. ज्येष्ठमधाच्या गुळण्या. २०१३ साली व्हिएन्नात २३६ शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर चाचणी झाली. भूल देण्याच्या पाच मिनिटं आधी अर्धा ग्रॅम ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केलेल्यांत, साखरपाण्याने गुळण्या करणाऱ्यांपेक्षा, नळी घातल्यानंतरची घसादुखी स्पष्टपणे कमी होती. पण ही घसादुखी आहे, ग्रंथींची सूज नाही, हा फरक पत्रकात राहू द्या. अर्धा ग्रॅम म्हणजे पाव चहाचा चमचा बारीक पूड, ३० मिली कोमट पाणी, अर्धा-एक मिनिट गुळण्या करून थुंकायचं. गिळत राहिलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. मिठाच्या गुळण्यांना पेलाभर (२०० मिली) पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ. जास्त मिठाने घसा आणखी सुकतो.

---

वैद्य_कुकडी

@खलबत्ता, हिशेब बरोबर. एकच गोष्ट जोडतो: त्या पाठातली त्रिकटू कांचनाचा गुण शरीरात नीट पोचवण्यासाठी आहे, तेव्हा प्रत्येक घटकाचा मिलिग्रॅम सुटा मोजून पूर्ण चित्र मिळत नाही.

---

खलबत्ता

हा मुद्दा रास्त आहे, आणि त्याला प्रयोगशाळेचा आधारही आहे. पिंपळी-मिरीतलं पिपरीन इतर औषधांचं शोषण वाढवतं हे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासलं गेलं. त्यातूनच २००९ साली क्षयाच्या औषधाचा एक नवा संयोग भारतात आला: १० मिलिग्रॅम पिपरीनसोबत रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम. परंपरेतलं सूत्र घेतलं, मोजलं, रुग्णांवर तपासलं, मग वापरात आणलं. कांचनार गुग्गुळाच्या बाबतीत मधले टप्पे अजून व्हायचे आहेत. आणि याच कारणाने क्षयाची गोळी चालू असताना मनाने त्रिकटू, पिपरीन, गुळवेल जोडू नये. गोळ्यांचा यकृतावर आधीच ताण असतो, वर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

खरेदीबद्दल: लेबलवर घटक, परवाना क्रमांक, निर्मिती आणि मुदतीची तारीख बघा. भस्म किंवा पारा-गंधक असलेले पाठ गाठींसाठी स्वतःहून घेऊ नका. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं होतं. नाव-घटक नसलेल्या पुडीने दोन-तीन दिवसांत गाठ बसली, भूक उसळली, चेहरा गोल दिसू लागला, तर पुडीत स्टेरॉइड असण्याचा संशय घ्या. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठही तात्पुरती विरघळते आणि मग सुईच्या तपासणीत निदान हुकतं.

---

नागली

क्षयरोग कार्यक्रमातलं व्यवहाराचं लिहिते.

फुप्फुसाबाहेरच्या क्षयात सगळ्यात जास्त आढळतो तो ग्रंथींचा, आणि बहुतेक वेळा मानेत. सुरुवातीला दुखत नाही, खोकला नसतो, छातीचा फोटो चांगला येऊ शकतो. म्हणून लोक लेपावर महिने काढतात. पुढे गाठी एकमेकींना चिकटतात, मधली मऊ होते, वरची कातडी जांभळट आणि पातळ पडते, पण हाताला गरम लागत नाही. याला थंड गळू म्हणतात. त्यावर शेक, पोटीस, बिब्बा काहीही नको, आणि ब्लेडने चिरायचं तर नाहीच. चिरलं की तिथे वाहती जखम राहते, महिनोन्‌महिने भरत नाही. पू काढायचाच असेल तर डॉक्टर बाजूच्या निरोगी कातडीतून सुई घालून काढतात.

तपासणी सुईची, म्हणजे एफएनएसी. इंजेक्शनएवढीच टोचणी. इथे एक बारीक गोष्ट निकाल बदलते: सुईतला थोडा नमुना सलाईनमध्ये ठेवून सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या क्षयाच्या जंतूच्या यंत्रावरच्या तपासणीला पाठवायला सांगा. गाठ काढली असेल तर सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका, अर्धी सलाईनमध्ये. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यात जंतू वाढवता येत नाहीत, मग औषधाला दाद न देणारा क्षय आहे का ते कळत नाही. नुसत्या ईएसआर (रक्तातून दाह दाखवणारी चाचणी) किंवा रक्ताच्या अँटिबॉडी चाचणीवर क्षयाची औषधं सुरू करणं चूक.

निदानाआधी लिव्होफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या ‘घेऊन बघू’ म्हणून देऊ नयेत. त्या क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात आणि निदान लांबतं.

उपचार सरकारी दवाखान्यात मोफत, सहा महिन्यांचे: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्यांची संख्या वजनावर. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिना १००० रुपये बँक खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). निक्षय संपर्काचा मोफत क्रमांक १८००-११-६६६६ पत्रकात छापा.

हेच पत्रक पुढे विदर्भात जाणार असेल तर एक ओळ वाढवा: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात वारंवार थंडी-ताप येऊन जांघेतली गाठ दुखत असेल आणि पाय सुजत असेल तर हत्तीरोगाची तपासणी.

---

सह्यकडा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. राहिलेले प्रश्न: जवसाचं पोटीस आणि एरंडपान चालेल का? बिब्बा-रुईने भाजल्यावर काय करायचं? गालगुंडावर वेगळं काही? आणि बाळाच्या काखेतल्या गाठीबद्दल आशाताई नेहमी विचारतात.

---

वैद्य_कुकडी

पोटीस आणि एरंडपान दुखऱ्या गाठीला आराम देण्यापुरतं चालेल. गुण ओलसर उबेचा आहे, पान फक्त ती ऊब धरून ठेवतं. जवसाची ताजी भरड ४ मोठे चमचे, उकळतं पाणी अर्धी वाटी थोडं थोडं घालत ढवळायचं, शिऱ्याएवढं घट्ट झालं की थेंबभर तेल. स्वच्छ सुती कापडावर बोटाच्या निम्म्या जाडीएवढं पसरून घडी घालायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची. तिथे सोसवत नसेल तर थांबा. १५ मिनिटं, दिवसातून तीनदा. जवस वरून मऊ लागतो पण आत गरमी धरून ठेवतो, भाजतं ते त्यामुळे. तीच भरड दुसऱ्या दिवशी वापरू नका, खवट होते. तव्यावर तापवलेल्या मिठाच्या पुरचुंडीनेही असंच फसायला होतं. आंबेहळद सहाणेवर पाण्यात उगाळून कोमट लावायला हरकत नाही, लेपाचे वरचे नियम पाळून. दोन दिवसांत दुखणं कमी झालं नाही, गाठ लाल होऊन ताप चढला, तर आत पू होतोय; तिथे प्रतिजैविक लागतं, पोटिसाने भागत नाही.

बिब्बा आणि रुई यांना माझा स्पष्ट नकार. बिब्ब्याच्या तेलाचा दाह कधी लगेच, कधी एक-दोन दिवसांनी उठतो, म्हणून आज काही झालं नाही असं समजून दुसरा चटका दिला जातो. लागलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, खोबरेल लावा, फोड फोडू नका. चेहरा-मान-डोळ्याजवळ असेल किंवा सूज पसरत असेल तर दवाखाना. रुईचा चीक डोळ्यात गेला तर दुखत नाही पण दिसणं अंधुक होतं. १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट नेत्रतज्ज्ञाकडे. ठेचलेला कच्चा लसूण बांधून ठेवणं हेही याच गटातलं, काही तासांत फोड येतात.

---

कंठमणी

गालगुंड ही लसिकाग्रंथी नव्हे, कानासमोरची लाळग्रंथी. ओळख सोपी: सूज जबड्याचा कोन झाकते आणि कानाची पाळी वर उचलली जाते. कारण विषाणू, आठवड्या-दहा दिवसांत उतरतं. सूज आल्यापासून पाच दिवस शाळा बंद. मऊ अन्न, कोमट किंवा थंड शेक जो बरा वाटेल तो, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. मुलांना ॲस्पिरिन नाही. लिंबू, चिंच, लोणचं टाळा, कारण आंबटाने लाळ सुटते आणि दुखणं वाढतं. वयात आलेल्या मुलाचं अंडकोष दुखलं-सुजलं, किंवा कुणालाही जोराची डोकेदुखी, मान ताठणं, ऐकू कमी येणं असं झालं तर लगेच दाखवा. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं अशा एमएमआरच्या (गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीच्या) तीन मात्रा आहेत.

याच्या नेमकं उलट एक प्रकरण आहे. जेवायला बसलं की जबड्याखाली टम्म गाठ येते आणि तासा-दोन तासांत उतरते, असं असेल तर लाळेच्या नळीत खडा असण्याची शक्यता. तिथे आवळा किंवा लिंबाची फोड चोखणं, भरपूर पाणी आणि मागून पुढे हलकं चोळणं हाच पहिला उपचार. म्हणून ‘आंबट चांगलं की वाईट’ याला एकच उत्तर देऊ नका.

---

नागली

बाळाच्या डाव्या काखेतली, कधी डाव्या गळपट्टीवरची गाठ: जन्मानंतरची बीसीजी (क्षयाची लस) डाव्या दंडावर देतात, त्यानंतर काही आठवडे ते काही महिन्यांत ती येऊ शकते. बाळ खेळतंय, दूध पितंय, ताप नाही, गाठ कडक आणि कातडी साधी असेल तर काहीही करायचं नाही. तेल चोळणं, शेक, लेप नाही आणि क्षयाची औषधंही नाहीत. काही महिन्यांत जाते. मऊ होऊन लाल पडली तर बालरोगतज्ज्ञ सुईने पू काढतात. बाळाचं वजन वाढत नसेल, ताप राहत असेल, किंवा इतर ठिकाणीही गाठी असतील तर थांबू नका.

आणि क्षयाच्या रुग्णांसाठी एक ओळ नक्की घाला, तिच्याअभावी बरेच जण उपचार सोडतात: औषधं सुरू झाल्यावर काहींची गाठ आधी वाढते, किंवा शेजारी नवी येते. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची ती प्रतिक्रिया असते, त्यावरून औषध निकामी ठरत नाही. अशा वेळी गोळ्या बंद करून लेपाकडे वळू नये. पुढची तारीख येण्याची वाट न पाहता दाखवावं, डॉक्टर गरज पडली तर नमुना पुन्हा तपासतात. सहा महिने पूर्ण झाल्यावरही हरभऱ्याएवढी कडक गाठ उरू शकते; ती वाढत नसेल तर तिला हात लावायचा नाही.

---

सह्यकडा

ही ओळ पहिल्या पानावर घेतो. वाटाणा, हरभरा, सुपारी यांची चित्रं खऱ्या आकारात छापायची ठरली, म्हणजे मोजपट्टी लागणार नाही.

---

कंठमणी

खऱ्या आकारात छापताना छापखान्याला ‘पानाच्या मापात बसवा’ हा पर्याय बंद ठेवायला सांगा, नाहीतर सुपारीचा हरभरा होईल. सुपारीचं चित्र बरोबर २ सेंमी आलंय का ते पहिल्या प्रतीवर पट्टी ठेवून बघा.